ईमॅक्समधील विंडोंची मांडणी : आपल्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-६०२ : नमस्कार. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून सी भाषेच्या प्रात्यक्षिकांसाठी ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर (मजकूर व प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) वापरतो. डावीकडे प्रोग्राम, उजवीकडे वर हेडर फाइल आणि खाली कंपायलरचे संदेश अशी त्याची मांडणी असते. पण एखाद्या फंक्शनची माहिती उघडली की यांपैकी एक फाइल नाहीशी होते आणि सगळे पुन्हा जमवण्यात वेळ जातो. सबमिशन तोंडावर आले आहे. कोणी जाणकार असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

ए-११०४ : ताई, फाइल नाहीशी होत नाही, हे चिरंजीवांना आधी सांगावे. उघडलेली फाइल बफरमध्ये (ईमॅक्सने मेमरीत ठेवलेल्या मजकुरात) असते आणि विंडो ही फक्त तो बफर पाहण्याची पडद्यावरील जागा असते. त्यामुळे विंडो बंद झाली किंवा तिच्यात दुसरेच काही दिसू लागले, तरी बफर आणि त्यातील सेव्ह न केलेले बदलसुद्धा जसेच्या तसे राहतात. पडद्यावर अनेक विंडो असताना, एखादी १६० अक्षरे रुंद किंवा ८० ओळी उंच असेल तरच ईमॅक्स मूळ सेटिंगनुसार स्वतःहून तिचे दोन भाग करतो. तीन भाग केल्यावर एवढी जागा सहसा उरत नाही, म्हणून माहिती दाखवण्यासाठी तो आधीचीच एखादी विंडो वापरतो.

माहिती वाचून झाली की कंट्रोल-एक्स व १ दाबण्याची सवय मुलांना लवकर लागते आणि खरा घोटाळा तिथेच होतो, कारण त्या आज्ञेने चालू विंडो सोडून बाकी सर्व बंद होतात. त्याऐवजी कंट्रोल-एक्स व ओ दाबून माहितीच्या विंडोत जावे (कर्सर तिथे आपोआप जात नाही) आणि नुसते क्यू दाबावे. त्या जागी आधी जे होते, ते परत येते.

बी-३०१ : काकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मांडणी तरीही विस्कटलीच, तर उपयोगी पडावा म्हणून विनर-मोड (मांडणीतील बदल लक्षात ठेवणारी ईमॅक्समधील सोय) आधीच सुरू ठेवावा. मग कंट्रोल-सी व डावा बाण दाबला की मांडणी एकेक पाऊल मागे जाते. महाप्याच्या ऑफिसात दिवसभर मला याचाच आधार असतो. शिवाय २०२० साली आलेल्या २७व्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्ये टॅब आहेत आणि प्रत्येक टॅब स्वतःची मांडणी सांभाळतो.

ए-११०४ : टॅब चांगलेच आहेत, पण सबमिशनच्या आठवड्यात नवीन गोष्टी वाढवू नयेत, असे मला वाटते. रोज एकच मांडणी लागत असेल, तर ती रजिस्टरमध्ये (एका अक्षराच्या नावाने साठवण्याच्या जागेत) ठेवावी : कंट्रोल-एक्स, मग आर, डब्ल्यू आणि आपल्या पसंतीचे एक अक्षर. परत आणताना डब्ल्यूच्या जागी जे दाबावे.

सी-६०२ : मनापासून आभार, काका. ईमॅक्स बंद करून दुसऱ्या दिवशी उघडल्यावरही ते रजिस्टर राहील का?

ए-११०४ : नाही, मांडणीचे रजिस्टर ईमॅक्स चालू असेपर्यंतच टिकते. दुसऱ्या दिवशीही मांडणी हवी असल्यास डेस्कटॉप-सेव्ह-मोड सुरू करावा लागेल. मी सायंकाळी सातनंतर घरीच आहे. चिरंजीवांना लॅपटॉप घेऊन पाठवावे, दोन्ही मोड त्यांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून देतो.