लुकास–लेहमर चाचणी २^६१ − १ ला संयुक्त ठरवतेय, चूक कुठे?

शेषफळ
२^पी − १ ही संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवणारी ही चाचणी मी सी भाषेत लिहिली आहे. ४ पासून सुरुवात, मग पी − २ वेळा: वर्ग करा, २ वजा करा, २^पी − १ ने भागून बाकी घ्या. शेवटी शून्य आलं तर मूळ. चलं सगळी ६४ बिट अनसाइन्ड. ३१ पर्यंत सगळं बरोबर, ३७ ते ५९ मधले मूळ घातांकही यादीप्रमाणे संयुक्त येतात. ६१ ला मात्र शून्य येतच नाही. ही संख्या मूळ असल्याचं १८८३ मध्येच सिद्ध झालंय. फेऱ्या ५९ च होतात, मोजून पाहिल्या.

विषमघात
फेऱ्या ठीक आहेत, वर्ग मावत नाहीये. प्रत्येक फेरीची बाकी छापा: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, २००५९५६५४६८२२७४६११४. इथवर बरोबर. पुढचा वर्ग १२२ बिटांचा. त्यातले खालचे ६४ उरतात, वरचे मुकाट गळतात. ३७ ते ५९ चं जुळणं फुकटचं आहे: बाकी चुकली तरी ती नेमकी शून्य होणं दुर्मीळ, आणि त्या संख्या मुळात संयुक्तच. त्यामुळे ही चूक पहिल्यांदा ६१ लाच उघडी पडते.

गुणाकार १२८ बिटमध्ये करा. भागाकाराची गरज नाही: २^६१ ची बाकी १ असते, म्हणून खालचे ६१ बिट आणि वरचा भाग यांची बेरीज घ्या. बेरीज २^६१ − १ किंवा जास्त भरली तर तेवढी एकदा वजा करा. ‘किंवा जास्त’ महत्त्वाचं, नाहीतर शून्याऐवजी सगळे एक असलेली संख्या उरते आणि मूळ संख्या संयुक्त ठरते. २ वजा करण्याआधी बाकी ० किंवा १ असेल तर मॉड्युलस (ज्याने भागतोय ती संख्या, २^६१ − १) मिळवा. आणि सीमध्ये खालचे ६१ बिट काढणाऱ्या ‘अँड’ला (&) कंस घाला, अधिक चिन्ह आधी सोडवलं जातं.

बाकीशून्य
तर्क तपासायला ७ पुरतो: १४, ६७, ४२, १११, ०. बिटांची रुंदी मात्र त्यात तपासली जात नाही. ६१ साठी स्वतंत्र पडताळा हवा तर सरळ विभाजक शोधा. विभाजक असलाच तर १२२क + १ या रूपाचा आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ देणारा असणार. वर्गमूळ साधारण १५२ कोटी, म्हणजे उमेदवार जेमतेम ६२ लाख. याच रीतीने ३७ ला (७४क + १) तिसऱ्याच पायरीवर २२३ सापडतो.

शेषफळ
शून्य आलं! कंसच राहिला होता. हाच मॉड्युलस स्ट्रिंग हॅशिंगला (मजकुराचा एका संख्येत ठसा घ्यायला) आणि डिफी–हेलमनच्या (उघड्यावर गुप्त किल्ली ठरवण्याच्या रीतीच्या) सरावाला घेऊ का?

विषमघात
हॅशिंगला खुशाल घ्या, पाया (ज्याच्या घातांनी अक्षरं गुणतो ती संख्या) मात्र दर वेळी यादृच्छिक निवडा. दोन पाया म्हणून नको, त्याच्या घातांच्या बाक्या फक्त ६१ वेगळ्या येतात. डिफी–हेलमनला नाही. एक वजा केल्यावर २ × (२^६० − १) उरतं आणि त्याचा सर्वांत मोठा मूळ अवयव १३२१. पोहलिग–हेलमन रीतीने गुप्त घातांक प्रत्येक लहान अवयवापुरता वेगळा काढून चिनी शेष प्रमेयाने (वेगवेगळ्या बाक्यांवरून मूळची संख्या काढण्याच्या नियमाने) जोडता येतो, साध्या लॅपटॉपवर क्षणात. शिवाय ६१ बिट तसेही तोकडेच. सरावालाही (मूळ − १) / २ हीच मूळ असेल अशी संख्या घ्या.