अनुभव धागा: व्हेटरनरी कॉलेजातले आपले दिवंगत, नोंद ठेवायची कशी?

धागाकर्ता
परळचे कॉलेज १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे. परभणी, उदगीर, शिरवळ त्यानंतरची. प्रत्येक स्नेहमेळाव्यात श्रद्धांजलीची यादी वाचली जाते आणि प्रत्येक वेळी तीत घोळ निघतो. ज्यांनी याद्या, पदके, स्मृतिअंक, फोटो अशी कामे हाताळली आहेत, त्यांनी पद्धत लिहावी. भावना सगळ्यांना आहेतच, त्या धरून चालू.

यादीवाला, परळ
सुरुवात पदवीधरांच्या यादीपासून करू नका, प्रवेशाच्या रजिस्टरपासून करा. वर्ष राहून मागच्या बॅचला आलेले, मधेच सोडून बँकेत गेलेले पदवीच्या यादीत सापडत नाहीत, पण होस्टेलवर ते आपलेच होते. जुने कागद एका जागी नाहीत. परळच्या सुरुवातीच्या जीबीव्हीसी (कॉलेजची स्वतःची पदविका) वाल्यांचे कॉलेजात, मग मुंबई विद्यापीठ, १९७२ नंतर दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, २००० नंतर नागपूरचे माफसू (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ). आणंदला कॉलेज निघेपर्यंत गुजरातची मुलेही परळलाच येत, त्यामुळे अर्धे पत्ते राज्याबाहेरचे.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: प्रवेशाच्या वेळचे पूर्ण नाव, नंतरचे नाव, मूळ गाव-तालुका, शेवटची नेमणूक, मृत्यूची तारीख, माहिती कोणी दिली. वडिलांचे नाव गाळू नका. एकाच बॅचला दोन पाटील आणि दोघांचे आद्याक्षर सारखे, हे नेहमीचेच. मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे हवीत, नाहीतर एकच व्यक्ती दोनदा दिसते.

खात्री दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या: एक घरून, एक सहकाऱ्याकडून. व्हॉट्सॲपवरचे पन्नास 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणजे एकच बातमी पन्नासदा. राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव नाही म्हणून माणूस गेला असे समजू नका. तिथे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते आणि निवृत्त माणसे ते करत नाहीत. घरचे लोक बहुतेकदा तिथी सांगतात, 'आषाढीच्या आदल्या दिवशी' वगैरे. आधी वर्ष पक्के करा, मग त्या वर्षाच्या पंचांगावरून तारीख काढा. प्रत्येक नावापुढे 'खात्री', 'ऐकीव' किंवा 'संपर्क नाही' यांपैकी एक शेरा असावा. व्यासपीठावर फक्त पहिला शेरा असलेली नावे वाचायची. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली की पुढची दहा वर्षे यादीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

क्लिनिक्सवाला
वरच्या तक्त्यात कोण येणार नाही ते सांगतो: व्रणोपचारक (जखमांची मलमपट्टी करणारे), परिचर, मेसचे आचारी, तबेल्यातले लोक. माजी विद्यार्थी संघाच्या घटनेत ते सभासद नसतात आणि त्यांची सेवापुस्तके कोणी दाखवत नाही. पर्याय म्हणजे कर्मचारी पतसंस्थेची सभासद यादी, विभागाची जुनी हजेरीपटे आणि निरोप समारंभाचे फोटो. बहुतेकांना सगळे टोपणनावानेच ओळखत, खरे नाव घरून विचारावे लागते. दोन्ही छापा. नुसते खरे नाव छापले तर ते कोणाचे हे कोणालाच कळत नाही.

आणि त्यांचे कौशल्य लिहा. चाळीस फुटी दोराने रूफ पद्धतीने बैल पाडायचा तर पहिली गाठ मानेत, न आवळणारी. मग एक वेढा पुढच्या पायांमागून छातीला, दुसरा कासेच्या पुढून पोटाला, आणि दोर मागे सरळ ओढायचा. मानेतली गाठ सरकती पडली तर जनावर गुदमरते. दुसरा वेढा मागे सरकला तर बैलाचे शिश्न किंवा गायीची दुधाची शीर दबते. हे पुस्तकात आहे, पण विद्यार्थ्यांच्या हातात ते बसवले परिचरांनी.

स्मृतिअंक संपादक
'मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हसतमुख' हे तीन शब्द मी सरसकट कापते. त्याऐवजी लेखकाला प्रश्नावली पाठवावी: कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वर्षी, तेव्हा कोणती साथ, कोणती लस, वाहन काय होते. ज्यांची नोकरी साठ-सत्तरच्या दशकात सुरू झाली त्यांच्याबद्दल बुळकांडीचे (गुरांचा रिंडरपेस्ट रोग) लसीकरण आणि १९७२ च्या दुष्काळातल्या गुरांच्या छावण्या हे हमखास विचारा. भारतातला बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ चा, देशाला रोगमुक्त दर्जा २००६ ला आणि जग मुक्त झाल्याची घोषणा २०११ ला. बर्फाच्या थर्मासमधून लस नेऊन गावोगाव टोचणारी माणसे यामागे आहेत, आणि त्यांच्या मृत्युलेखात बुळकांडीचा शब्दही नसतो. तीनशे शब्द पुरेत. मसुदा छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा, विशेषतः नेमणुकांची वर्षे.

पदकनिधी
दिवंगत प्राध्यापकांच्या नावे सुवर्णपदक ठेवायचे असेल तर दोन गोष्टींवर गाडी अडते.

पहिली, पैसा. (पदक बहुतेक ठिकाणी चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले असते, हे देणगीदारांना आधीच सांगावे.) दोन लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला १४,००० येतात. सगळे खर्च केले तर ठेव तेवढीच राहते आणि खर्च ६ टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणून साधारण ८,००० खर्च आणि ६,००० परत मुद्दलात, असे करारातच लिहून घ्या. धनादेश विद्यापीठाच्या निधीच्या नावे, अधिकाऱ्याच्या नावे कधीच नाही. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, म्हणून देणगीदाराला तिचे आमिष दाखवू नका.

दुसरी, अट. 'अमुक विषयात सर्वाधिक गुण' असे लिहिले आणि अभ्यासक्रम बदलला की पदक बंद पडते. १९९३, २००८, २०१६ अशा अभ्यासक्रमाच्या नियमावल्या येत गेल्या, तसे विषय जोडले गेले, तुटले, नावे बदलली. करारात 'विषयाचे नाव वा रचना बदलल्यास विद्यापीठ ठरवील तो समकक्ष विषय' आणि 'समान गुण असल्यास काय' ही दोन वाक्ये हवीतच.

परंपरा मात्र जुनी आहे. परळचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील १८९१ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाचे पदक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सने सुरू केले.

पॅथॉलॉजी म्युझियम
बरण्यांकडे कोणी स्मारक म्हणून बघत नाही, पण प्रत्येक नमुन्यामागे तो काढणारा माणूस आहे. द्रव बदलताना जुने लेबल फेकले जाते आणि माणूस तिथेच पुसला जातो. आधी बरणीचे चारही बाजूंनी फोटो काढा. मग नवे लेबल: जनावर, अवयव, विकृती, तारीख, तयार करणाऱ्याचे नाव. जाड कागदावर पेन्सिलीने किंवा इंडियन इंकने लिहून बरणीच्या आत घाला. बॉलपेन आणि प्रिंटरची शाई द्रवात उतरते. दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणजे बाजारातला एक भाग, पाणी नऊ भाग. रंग राखायला कायझरलिंग पद्धत केलेली असेल तर शेवटचा द्रव ग्लिसरीन आणि पोटॅशियम अॅसिटेटचा असतो. त्यात साधे फॉर्मॅलिन ओतले की नमुना करडा पडतो, म्हणून काय आहे हे ठरवल्याशिवाय भर घालू नका. हातमोजे आणि उघड्या खिडक्या आवश्यक.

निवृत्त एलडीओ (पशुधन विकास अधिकारी)
खाजगी प्रॅक्टिस करणारा मित्र गेला की घरी जी बॅग आणि फ्रीज उरतो, तिकडे आठवड्याच्या आत जा. ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत असते आणि माणसाला बाधते. घरच्यांना हात लावू देऊ नका. केटामाइन हे भुलीचे औषध शेड्यूल एक्समधले (कडक नियंत्रणाच्या यादीतले) आहे, ते औषध निरीक्षकांना कळवून मार्गी लावा. झायलाझिन (जनावरांना गुंगी आणणारे औषध) कोणाला 'वापरा' म्हणून देऊ नका. द्रव नायट्रोजनचा कंटेनर (उणे १९६ अंश) बंद खोलीत ठेवू नका आणि झाकण घट्ट दाबून बसवू नका. आतल्या वीर्यकांड्यांसाठी जवळच्या कृत्रिम रेतन केंद्राला फोन करा. प्रिस्क्रिप्शनची पॅड आणि रबरी शिक्का फाडून-कापून टाका. नाहीतर त्याच नोंदणी क्रमांकावर कोणी बोगस प्रॅक्टिस चालवेल. परिषदेला मृत्यूचा दाखला पाठवायचा.

हत्यारे कॉलेजला देता येतात. बर्डिझो (खच्चीकरणाचा चिमटा) देण्याआधी तपासा: दोन कागदांमध्ये सुतळी धरून जबडा दाबायचा, सुतळी तुटली पाहिजे आणि कागद शाबूत राहिला पाहिजे. ठेवताना जबडा उघडा ठेवा, मिटून ठेवला तर ताण जातो.

ग्रंथालय
जुन्या आवृत्त्यांची पाठ्यपुस्तके घेण्याचा आग्रह धरू नका, आम्ही ती रद्दीतच काढतो. शवविच्छेदनाच्या वह्या, केस रजिस्टरे आणि काचपट्ट्या मात्र जरूर द्या. बॅचचा फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, चित्राचा थर काचेवर राहतो. काचेसकट ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि खालच्या पुठ्ठ्यावरची 'डावीकडून' नावेही त्याच स्कॅनमध्ये येऊ द्या.

धागाकर्ता
झाडांबद्दल कोणी लिहिलेच नाही, आणि स्मृतिवृक्षाची मागणी दर वर्षी येते.

क्लिनिक्सवाला
कडुनिंब किंवा तामण लावा आणि तीन उन्हाळे पाण्याची जबाबदारी एकाच माणसावर टाका. आवारात जनावरे येतात, म्हणून कण्हेर, पिवळी बिट्टी आणि घाणेरी नको. कण्हेर आणि बिट्टी हृदय थांबवतात. घाणेरीने कावीळ होऊन उन्हात कातडी सोलते. पाटी खोडाला ठोकायची नाही, बाजूला दगडावर कोरायची. पितळेची लावलीत तर पहिल्या पावसाआधीच भंगारात जाईल.