मोठ्या बहुउद्देशीय स्टेडियममध्ये वृद्ध वडील आणि लहान मुलीसह सामना पाहताना जागा कोणती निवडावी?

प्रश्न : रंकाळ्याकाठी

सर्व जाणकारांना नमस्कार. माझी अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून क्रिकेट शिकत आहे आणि सांगलीच्या स्मृती मानधना यांना एकदा तरी प्रत्यक्ष मैदानावर खेळताना पाहायचे, असा तिचा हट्ट आहे. त्यामुळे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाचा पुढचा सामना जाहीर झाला की तिकिटे काढायची, असे आम्ही घरात ठरवले आहे. सोबत माझे वडीलही येणार आहेत. त्यांचे वय बहात्तर आहे आणि गुडघे दुखतात, पण खेळ पाहण्याची त्यांची नजर आम्हा सर्वांपेक्षा तीक्ष्ण आहे.

आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहताना जागेचा विचार कधी करावाच लागला नाही. आपल्या तालमीची मंडळी जिथे बसतात तिथे बसायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. पण एवढ्या मोठ्या स्टेडियमचा रंगीबेरंगी नकाशा मोबाईलवर उघडला की काय निवडावे, ते सुचत नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात आम्ही पहिल्या रांगेची तिकिटे घेतली होती. जितके पुढे तितके चांगले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात समोर लोखंडी जाळी, तिच्यापुढे जाहिरातीचे फलक आणि त्यापुढे सतत ये-जा करणारे कर्मचारी, यांतून निम्मा खेळ दिसला नाही आणि मुलीने बराचसा सामना समोरच्या पडद्यावरच पाहिला. ती चूक मला पुन्हा करायची नाही.

खालचा मजला घ्यावा की वरचा, खेळपट्टीच्या सरळ रेषेत बसावे की बाजूला, आणि तिकिटाच्या किमतीवरून जागेचा दर्जा ओळखता येतो का, हे माझे मुख्य प्रश्न आहेत. शिवाय घरातल्या काही जणांना बालेवाडीला एखादा फुटबॉल सामनाही पाहायचा आहे. क्रिकेटला जी जागा उत्तम, तीच फुटबॉललाही चालते का, हेही कृपया सांगावे.

उत्तर : साइटस्क्रीनच्या वर

नमस्कार. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा आम्ही तिथे होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या रांगेबद्दलचा तुमचा अनुभव क्रिकेटच्या बाबतीत जवळजवळ सगळीकडे येईल. पुरुषांच्या सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून साधारण ५९ ते ८२ मीटरपर्यंत असते. महिलांच्या सामन्यात ती ५५ ते ६४ मीटरवर आखली जाते. म्हणजे सीमारेषेचा दोर आत येतो, खुर्च्या मात्र आहेत तिथेच राहतात. परिणामी महिलांचा सामना पाहताना पुढच्या रांगेतला माणूसही फलंदाजापासून बराच दूर असतो आणि उंचीवरही नसतो. पुढे बसल्याचा लाभ त्याला मिळत नाही आणि तोटे मात्र सगळे सोसावे लागतात. डोळा जमिनीच्या पातळीजवळ असला की मैदानाची खोली कळत नाही. क्षेत्ररक्षक दोराच्या आत दहा मीटर आहे की दोरावरच उभा आहे, हे सांगता येत नाही. त्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वॉल्व्हार्टचा आपल्या अमनज्योत कौरने निसटत निसटत पकडलेला झेल आम्ही वरून संपूर्ण पाहिला. आमचे नातेवाईक अगदी खालच्या रांगेत होते, त्यांना अमनज्योत धावताना दिसली आणि झेल पूर्ण झाल्याचे लोकांच्या आरोळीवरून समजले.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खेळपट्टीच्या सरळ रेषेत, म्हणजे गोलंदाजाच्या हातामागे बसले, तर चेंडू किती वळला, आत आला की बाहेर गेला, पायचीतचे अपील कितपत योग्य होते, हे सर्व कळते. बाजूला बसले तर धावांची पळापळ, चेंडूचा टप्पा आणि उसळी छान दिसते. दिशा मात्र अजिबात कळत नाही. प्रत्येक षटकानंतर टोक बदलते, त्यामुळे सरळ रेषेत बसणाऱ्याला एक षटक गोलंदाजाच्या मागून आणि पुढचे षटक यष्टीरक्षकाच्या मागून पाहायला मिळते. क्रिकेट शिकणाऱ्या मुलीसाठी मला हे फार मोलाचे वाटते. अगदी सरळ रेषेतल्या जागा पुष्कळदा महागड्या कक्षांनी आणि कॅमेऱ्यांच्या मचाणांनी व्यापलेल्या असतात. त्यामुळे मी स्वतः लाँग ऑन किंवा लाँग ऑफच्या, म्हणजे गोलंदाजाच्या मागे डाव्या-उजव्या बाजूला सीमेजवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांच्या मागे, सरळ रेषेपासून थोडे तिरके, असे बसणे पसंत करतो. तिथून दिशाही कळते, अंतरही कळते आणि तिकीट तुलनेने परवडते.

किमतीबद्दल सांगायचे, तर महागडे तिकीट बहुधा जेवण, वातानुकूलन आणि गादीची खुर्ची यांसाठी असते. काचेमागच्या कक्षात बसून मैदानाचा आवाज नीट ऐकूही येत नाही, आणि मुलीला तो आवाज तर हवाच असेल.

नेरूळच्या स्टेडियमचा एक मोठा गुण म्हणजे तिथले छत मागूनच तोललेले आहे. प्रेक्षकांमध्ये त्याला आधाराचे खांब नाहीत. जुन्या स्टेडियममध्ये खांबाआडची जागा नशिबी येण्याची जी भीती असते, ती तिथे नाही. मात्र छत आहे म्हणून पुढच्या रांगाही कोरड्या राहतील, असे समजू नये. त्या दिवशी दुपारी तीनचा सामना पावसामुळे पाचच्या सुमारास सुरू झाला आणि तोवर पुढच्या रांगांतली माणसे मागे सरकून उभी होती.

उत्तर : तालमीचा जुना प्रेक्षक

रंकाळेकर, तुमच्या वडिलांच्या वयाचाच मी आहे, म्हणून अधिकाराने लिहितो.

जागा निवडण्याचे सूत्र आपल्याला खासबागेनेच शिकवले आहे. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. ते बशीसारखे खोलगट आहे, मध्यभागी आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. कुस्ती एका लहानशा जागेत होते आणि पैलवान सर्व दिशांना फिरतात. त्यामुळे तिथे अमुक बाजू चांगली आणि तमुक वाईट असा भेद फारसा उरत नाही. कुठेही बसा, डाव दिसतो. ते मैदान एका खेळासाठी, त्या खेळाच्या आकाराचे बांधले गेले.

बहुउद्देशीय स्टेडियमची अडचण नेमकी इथे सुरू होते. एकाच भांड्यात गोल खेळ, लांबट खेळ, धावण्याच्या शर्यती आणि गाण्यांचे कार्यक्रम, असे सर्व काही बसवलेले असते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी पाहावे, की हे भांडे मुळात कोणत्या खेळासाठी घडवले आहे आणि आपण पाहणार आहोत तो खेळ त्यात कुठे बसतो. बालेवाडीचे मुख्य स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळचे आहे आणि तिथे फुटबॉलच्या मैदानाभोवती धावपट्टी आहे. या धावपट्टीचा हिशेब एकदा मांडून पाहा. चारशे मीटरच्या प्रमाणित धावपट्टीच्या आतला भाग सुमारे १५७ मीटर लांब आणि ७३ मीटर रुंद असतो. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. म्हणजे बाजूला धावपट्टीपर्यंत जेमतेम अडीच मीटर उरतात, पण गोलामागे तब्बल २६ मीटर उरतात. त्यात १.२२ मीटरच्या आठ पट्ट्यांचे जवळजवळ १० मीटर मिळवा. बाजूच्या पहिल्या खुर्चीपासून स्पर्शरेषा, म्हणजे मैदानाची बाजूची रेषा, साडेबारा मीटरवर येते आणि गोलामागच्या पहिल्या खुर्चीपासून गोलरेषा ३६ मीटरवर जाते. पलीकडचा गोल तर १४० मीटरच्याही पुढे. दोन्ही तिकिटांवर पहिली रांग असेच छापलेले असते.

हे मी पदरचे पैसे खर्चून शिकलो आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात होता, म्हणून आम्ही चौघे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गेलो. तिथेही धावपट्टी आहे. स्वस्त म्हणून आम्ही गोलामागची तिकिटे काढली. ९ तारखेला कोलंबियाविरुद्ध जेक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल होता, आणि तो आमच्या समोरच्या, म्हणजे दूरच्या टोकाला झाला. जाळे हलले एवढे दिसले. कोणाचे डोके लागले ते बाजूच्या मुलाने सांगितले. आनंदाने आम्ही नाचलो, परंतु तो क्षण डोळ्यांनी नीट पाहता आला नाही, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून फुटबॉलला मध्यरेषेच्या आसपास, बाजूलाच बसावे. स्टेडियम आखणारे लोक मैदानाच्या मध्यबिंदूपासून ९० मीटरच्या आतली जागा उत्तम मानतात आणि दूरच्या कोपऱ्यापासून १९० मीटरपलीकडे खुर्ची नसावी असे धरतात. मध्यरेषेवरची वरच्या मजल्यावरची जागा पुष्कळदा या ९० मीटरांत बसते, आणि गोलामागची मात्र पहिली रांगच जेमतेम बसते, तिच्या मागच्या रांगा बाहेर पडतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे : क्रिकेटला टोकाची जागा चांगली, फुटबॉलला बाजूची.

उत्तर : राजारामपुरीची ताई

वरची दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण दोन्ही उत्तरांत लहान मुलगी आणि दुखरे गुडघे मागे राहिले आहेत, म्हणून मी लिहिते.

चांगल्या बैठकीत मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून साधारण ९ सेंटिमीटर उंचीने जावी, असे धरून पायऱ्यांचा चढ ठरवतात. हा हिशेब सगळे बसलेले आहेत आणि सगळे प्रौढ आहेत, असे गृहीत धरतो. अकरा वर्षांच्या मुलीची नजर त्याहून खाली असते आणि चौकार बसला की पुढची रांग उभी राहते. खालच्या मजल्याचा चढ बहुधा सौम्य असतो, वरच्याचा तीव्र. म्हणून मुलांना वरच्या मजल्यावरून खरोखरच जास्त दिसते. पण त्या तीव्र पायऱ्या वडिलांना उतरताना अवघड जातील, आणि गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास अधिक होतो.

यावर माझा उपाय असा आहे. आतल्या मार्गिकेतून आपण बैठकीत जिथे बाहेर येतो, त्या तोंडाजवळची रांग शोधावी. अगदी लगतची घेऊ नये, कारण तिथे कठड्याचे गज डोळ्यांसमोर येतात आणि दिवसभर माणसे समोरून जातात. तोंडाच्या वर तिसरी किंवा चौथी रांग आणि जिन्यालगतची खुर्ची घ्यावी. वडिलांना तीन-चारच पायऱ्या चढाव्या लागतील, पाय लांब करता येईल आणि स्वच्छतागृहही जवळ राहील. वरच्या मजल्याची पहिली रांग मात्र टाळावी. तिथे संरक्षक कठडा बसलेल्या मुलाच्या बरोबर नजरेच्या पातळीवर येतो.

मोठा पडदा कुठे आहे, तेही पाहावे. पडद्याखालीच बसलात, तर धावबादचा निकाल संपूर्ण स्टेडियमला कळतो आणि तुम्हाला कळत नाही.

याच स्टेडियममध्ये पुढे कधी गाण्याच्या कार्यक्रमाला जाणार असाल, तर हे सर्व नियम बाजूला ठेवावेत. रंगमंच एका टोकाला असतो, त्यामुळे त्याच्या लगतच्या बाजूच्या बैठकीतून गायकाचा फक्त खांदा दिसतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर दूर बसणाऱ्याला रंगमंचावरची हालचाल डोळ्यांनी दिसल्यावर तिचा आवाज पाव सेकंदाहून उशिरा पोहोचतो. ध्वनी जुळवणारे तंत्रज्ञ मैदानात जिथे बसतात, त्यांच्या मागच्या सरळ रेषेतली बैठक ऐकायला सर्वांत चांगली असते, कारण ते आवाज तिथूनच ऐकून ठरवतात.

प्रश्नकर्ता : रंकाळ्याकाठी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सर्व उत्तरे वाचून दाखवली. खासबागेचा उल्लेख ऐकून त्यांनी तालमीच्या काकांना नमस्कार सांगितला आहे. एक शंका उरली. सामना दुपारी सुरू होणार असेल, तर ऊन कोणत्या बाजूला येईल, हे कसे ओळखावे? वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे.

उत्तर : साइटस्क्रीनच्या वर

फलंदाजाच्या डोळ्यांवर मावळता सूर्य येऊ नये, म्हणून खेळपट्टी साधारणतः उत्तर-दक्षिण आखतात. म्हणजे पूर्वेच्या बैठकीत बसणाऱ्याला दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि पश्चिमेच्या बैठकीत बसणाऱ्याच्या तो पाठीशी असतो. मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडला, तर मैदानाच्या मधोमध खेळपट्टीचा फिकट पट्टा स्पष्ट दिसतो. त्यावरून दिशा ठरवा, मग तिकिटाचा नकाशा त्याच दिशेने फिरवून शेजारी धरा, कारण तिकिटाच्या नकाशात उत्तर वरच असेल याचा भरवसा नसतो. तुमच्यासाठी मी लाँग ऑन-लाँग ऑफच्या मागच्या जागांपैकी पश्चिमेकडे झुकलेल्या जागा निवडेन, आणि त्यातही छताखालच्या. ताईंनी सांगितलेली तिसरी-चौथी रांग खालच्या मजल्याच्या वरच्या अर्ध्या भागात मिळाली, तर तिघांचेही भागेल.

प्रश्नकर्ता : रंकाळ्याकाठी

आत्ताच नकाशा पाहिला आणि दोन विभाग कागदावर लिहून ठेवले. मुलीने विचारले, की मानधना डावखुऱ्या आहेत, मग तिथून त्यांचा कव्हर ड्राइव्ह कोणत्या हाताला जाईल? वडिलांनी तिला टेबलावर काड्यापेट्या मांडून दाखवले : गोलंदाजाच्या मागे बसलो तर उजवीकडे, आणि षटक संपून टोक बदलले की डावीकडे. तिने ते वहीत काढून घेतले आहे.