जुन्या ह्युमिडॉरमधील आर्द्रता वाढत नाही, मदत हवी आहे

तिरपी_रेघ: सासऱ्यांनी दिलेला अक्रोडी व्हिनिअरचा जुना ह्युमिडॉर (सिगार ओलसर ठेवण्याची पेटी) पुन्हा वापरात आणायचा आहे. आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवूनही झाकणातील आर्द्रतामापकाचा काटा 55 टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. झाकणाला काचही बसवायची आहे. शनिवारी ते स्वतः येणार आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

सह्यवारा: पावसाळ्यात मुंबईत माझ्या सिगारांवर बुरशी आली होती. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, हमखास गुण येतो.

सुतारपक्षी: त्यांना आर्द्रता वाढवायची आहे, आणि आपण ती घटवण्याचा उपाय सांगत आहात. तिरपी_रेघ, आपण कोठे राहता, आतले लाकूड कोणते आहे आणि झाकण घट्ट बसते का?

तिरपी_रेघ: कॅनडातील कॅलगरीत. हिवाळ्यात हीटरमुळे घरातील हवा अगदी कोरडी असते. आतले लाकूड तांबूस, चकचकीत आहे. झाकण ठीक वाटते.

जुना_बाजार: चकचकीत म्हणजे कोणीतरी आत वॉर्निश मारले आहे, आणि काटा न चढण्याचे कारण तेच. अस्तर बहुधा स्पॅनिश सीडरचे असते, जे नावाने सीडर असले तरी महोगनीच्या कुळातले, आपल्याकडील तूण वृक्षाचे नातलग आहे. ते कोरेच ठेवतात. पॉलिश पेपरने सगळे घासून काढावे.

सुतारपक्षी: निदान अर्धेच बरोबर आहे. कोरे लाकूड सुरुवातीला पाणी पीत राहते, म्हणून आर्द्रता सावकाश चढते. वॉर्निश असेल तर ती उलट झपाट्याने चढायला हवी. ती चढत नसेल, तर एक तर झाकणातून हवा जाते किंवा काटाच खोटा आहे. अंधारात पेटता टॉर्च आत ठेवून झाकणाच्या कडेने उजेड दिसतो का, ते पाहावे. मग बाटलीच्या बुचात मीठ घेऊन, ते विरघळणार नाही इतपत ओले करून, काट्यासह झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवावे. काटा 75 दाखवायला हवा.

चंदनखोड: एवढा खटाटोप कशाला? मनगटी घड्याळे ठेवण्यास अशी पेटी उत्तम.

तिरपी_रेघ: घड्याळांविषयी मी विचारलेले नाही. उजेड दिसला नाही. मिठाच्या पिशवीत काटा 61 वर थांबला.

सुतारपक्षी: म्हणजे तो सुमारे 14 ने कमी दाखवतो आणि पेटीत 69 च्या आसपास आर्द्रता आहे, जी सिगारांना हवी तेवढीच आहे. पाण्याची वाटी आता काढावी, नाहीतर आर्द्रता चढतच राहील. ओलावा देणाऱ्या आणि शोषणाऱ्याही 69 टक्क्यांच्या पुड्या मिळतात, त्या ठेवाव्यात आणि डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा. वॉर्निश मात्र काढावेच लागेल, कारण झाकण उघडताच बाहेर गेलेला ओलावा भरून काढण्याचे काम कोऱ्या लाकडाचे असते. ते शनिवारपर्यंत होणार नाही.

तिरपी_रेघ: आणि काच?

जुना_बाजार: काच बसवल्यास पेटी उन्हापासून दूर ठेवावी आणि ती चिकटवण्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण तंबाखू तो वास धरते.