जुन्या गाडीची ट्रिम: अस्सलच हवी की हुबेहूब चालेल?

जुनंलोखंड: १९३७ ची सेदान तीन वर्षं सोलतोय. इंजिन, ब्रेक, वायरिंग मार्गी लागलं. अडलंय ते ट्रिमवर, म्हणजे बाहेरच्या चकाकत्या सामानावर. पुढच्या जाळीला फोड आलेत, दोन दांडे तुटलेत, दाराची डावी मूठ गायब, बोनेटच्या पट्ट्या गायब. नव्या बनावटीची जाळी मिळते, पण मी बसवणार नाही. त्या काळी कारखान्यातून निघालेलाच भाग हवा, भले दुसऱ्या भंगार गाडीवरचा असो. तोवर जागा रिकामी राहिली तरी चालेल. बोला.

चिमटापाना: रिकामी? जाळीविना गाडी म्हणजे दात पडलेलं तोंड, शिवाय रेडिएटरवर दगड बसतील ते वेगळेच. तुझी जाळी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असणार. त्या काळच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतूनच भुसभुशीत होतो, चिरा पडतात. शोधून आणलेली दुसरी जाळीही त्याच वयाची, त्याच दुखण्याची! वर भंगारवाल्याचे नखरे. गाडी रस्त्यावर आण आधी.

जुनंलोखंड: फोड आले म्हणजे जाळी मेली असं नाही. मुलामा उतरवायचा, एकेक खड्डा कोरून साफ करायचा, तांबं चढवून घासायचं, पुन्हा तांबं, मग निकेल, सगळ्यात वर क्रोम. वेळ जातो, मान्य.

निकेलप्रेमी: दोघंही भागावर भांडताय, मुलाम्याचं काय? १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालायचं ते निकेल, किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची झाक निळसर. फोर्ड मॉडेल ए बघा: १९२८-२९ च्या गाड्यांचे दिवे निकेलचे, १९३०-३१ चे स्टेनलेसचे. १९२९ च्या अस्सल दिव्यांवर झगझगीत क्रोम चढवलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. भाग खरा, चेहरा खोटा.

चिमटापाना: +१. आणि न वापरलेल्या जुन्या साठ्यातलं काचेचं रबर कुणी कौतुकाने दाखवलं तर बोटाने वाकवून बघा. इतकी दशकं पडून ते कडक झालेलं असतं, वाकवलं की चिरतं. तिथे तुझं अस्सल पावसात भिजवणार.

जुनंलोखंड: रबर सोडून द्या, ते झिजायचंच. माझा राग धातूच्या नकलांवर आहे, आणि तो अनुभवाचा आहे. आधीच्या गाडीची ४० सेंमीची पट्टी मूळ पट्टीचाच साचा घेऊन पितळेत ओतून घेतली. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणजे पट्टी ६ मिमी आखूड. भोकं जुळेनात. शेवटी मी गाढवासारखी बोनेटची भोकं कानसली. नकलेपायी मूळ पत्रा नासवला.

ओतारी: तो दोष साच्याचा, नकलेचा नव्हे. आता मूळ भाग स्कॅन करून आकसण्याइतका मोठा नमुना छापतात, त्यावरून ओततात. आणि अस्सल बसतंच असंही नाही. हातबांधणीच्या बॉडीत डावी-उजवी बाजूसुद्धा तंतोतंत सारखी नसते, दुसऱ्या गाडीची पट्टी कुठून जुळणार?
धागाकर्त्याला एक सांगतो. भागाच्या मागे ओतीव क्रमांक असेल तर तो आधी वाचा. एकच मूठ कंपनीने तीन-चार मॉडेलांना लावलेली असते, अदलाबदलीच्या जुन्या याद्यांत ते सापडतं. अमेरिकेतल्या हर्षीच्या (१९५५ पासून) किंवा इंग्लंडमधल्या ब्युलीच्या (१९६७ पासून) सुट्या भागांच्या बाजारात जाणार असाल तर फोटोवर विसंबू नका. भोकांसकट पुठ्ठा कापून न्या. स्टेनलेसची पट्टी चेपलेली मिळाली तरी घ्या, मागून हलकं ठोकून, घासून, बफ मारून ती परत उभी राहते.

निकेलप्रेमी: नक्कल करा, पण लपवू नका. मागे साल कोरा, काढलेला भाग जपा, वहीत नोंद ठेवा. फिवाच्या (जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) ट्युरिन सनदेचाही कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे. पुढचा मालक तुमच्या पट्टीला १९३७ ची समजून दाम मोजेल, ती फसवणूकच.

जुनंलोखंड: मुठीपुरता हरलो. उजवी मूठ स्कॅन करून डावी उलटवून घेतो, मागे साल कोरतो. पट्ट्यांचा पुठ्ठा आज कापला. जाळी मात्र माझीच, मुलाम्याला धाडतोय.

चिमटापाना: आणि तोवर रेडिएटरपुढे?

जुनंलोखंड: कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. काळी रंगवून.

चिमटापाना: खुराडं १९३७ चंच ना?