‘बॅटरी पासपोर्ट’ : पारपत्र म्हणावे की उतारा?

प्रश्न

बॅटऱ्यांची जुळणी करणाऱ्या कारखान्यातील कामगारांसाठी मी एका प्रशिक्षणपुस्तिकेचा मराठी मजकूर तयार करीत आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार तेथील बाजारात १८ फेब्रुवारी २०२७ पासून येणाऱ्या प्रत्येक विद्युतवाहनाच्या बॅटरीला, तसेच दोन किलोवॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या औद्योगिक बॅटरीला, ‘बॅटरी पासपोर्ट’ असावा लागेल. बॅटरीवरील क्यूआर कोड स्कॅन केला की ती कोणी बनवली, तिच्यात कोणती द्रव्ये आहेत, पुनर्चक्रित कोबाल्ट, शिसे, लिथियम व निकेल यांचे प्रमाण किती आहे, ही माहिती दिसते. शासकीय मराठीत पासपोर्टला ‘पारपत्र’ म्हणतात, म्हणून मी ‘उत्पादन-पारपत्र’ असे योजले आहे. हा शब्द योग्य ठरेल का?

प्रतिसाद

माझ्या मते ठरणार नाही. ‘पार’ म्हणजे पलीकडे. पारपत्र हा सीमा ओलांडण्याचा परवाना. ‘उत्पादन-पारपत्र’ वाचून कामगाराचा समज असा होईल की हा निर्यातीचा कागद आहे आणि माल जहाजावर चढला की त्याचे काम संपले. प्रत्यक्षात या नोंदीचे खरे काम त्यानंतर, म्हणजे बॅटरी जुनी झाल्यावर सुरू होते. मोटारीतून काढलेली बॅटरी सौरऊर्जा साठवण्यासाठी वापरता येईल की तिच्यातील धातू काढून घ्यावेत, हे ठरवणाऱ्या माणसाला ती आतापर्यंत कशी वापरली गेली हे कळावे लागते. ते कळले नाही, तर चांगली बॅटरीही केवळ संशयापोटी मोडीत निघते.

आपल्याकडे अशा नोंदीला शब्द आहे : उतारा. सातबाऱ्यातील नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, नमुना बारा तीत काय पिकले ते सांगतो, आणि हक्क बदलला की फेरफार नोंदवला जातो. बॅटरीच्या बाबतीतही नेमके हेच चालते. तिचा उपयोग बदलला की जबाबदारी नव्या व्यावसायिकाकडे जाते आणि मूळ पासपोर्टशी जोडलेला नवा पासपोर्ट तयार होतो. जमिनीचा पोटहिस्सा पडला की नवा सातबारा निघतो, तसेच हे आहे. बॅटरीचे पुनर्चक्रण झाले की मात्र पासपोर्ट संपुष्टात येतो.

प्रश्नकर्ता

तुलना पटली, पण शब्दाबद्दल शंका आहे. उतारा विषावर असतो, दृष्ट काढताना असतो, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतही असतो. शिवाय उतारा म्हणजे मूळ नोंदवहीतून उतरवून घेतलेली प्रत. ती म्हणजे खुद्द नोंद नव्हे.

प्रतिसाद

हा भेद तर उलट उपयोगाचा आहे. या पासपोर्टातील सारी माहिती सर्वांना दिसत नाही : काही भाग जनतेसाठी खुला असतो, सुटे भाग व खोलणीची माहिती दुरुस्ती किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांसारख्या संबंधितांना मिळते, तर चाचण्यांचे काही अहवाल फक्त यंत्रणांना पाहता येतात. म्हणजे नोंद एकच असली, तरी ज्याच्या-त्याच्या हाती पडतो तो उताराच. आम्हा गोव्याच्या लोकांना सातबारा परका आहे, आमच्याकडे ‘एक-चौदा’ चालतो. तरीही ‘उतारा’ म्हटले की अर्थ लगेच कळतो.

मला खरी अडचण ‘पुनर्’ या उपसर्गाची वाटते. पुनर्वापर, पुनर्निर्मिती, पुनर्चक्रण हे शब्द एका ओळीत आले की वाचणारा तिन्ही एकच समजतो. नियमावलीत मात्र त्यांत काटेकोर फरक केला आहे : पुनर्निर्मिती म्हणण्यासाठी बॅटरीची क्षमता मूळ क्षमतेच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत परत आणावी लागते, तिच्यातील सेलांच्या (बॅटरी ज्या सुट्या एककांची बनते त्यांच्या) आरोग्यात, म्हणजे शिल्लक कार्यक्षमतेत, एकमेकांत ३ टक्क्यांपेक्षा अधिक फरक असून चालत नाही, आणि वापरही मूळ कामासाठीच असावा लागतो. पुनर्चक्रणासाठी ‘मोडीत घालणे’ हा भांड्यांच्या बाजारातला जुना शब्दप्रयोग मला जवळचा वाटतो. फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवी घेताना धातू परत वितळणार आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक असे. दुर्दैवाने ‘मोडीत काढणे’ म्हणजे टाकून देणे हा अर्थ आता इतका रुळला आहे (वर याच चर्चेत तो आलाच आहे), की पुस्तिकेत तो वापरण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्नकर्ता

मग मजकूर असा ठेवतो : ‘प्रत्येक बॅटरीची एक डिजिटल नोंद असते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसतो तो त्या नोंदीचा उतारा. यालाच बॅटरी पासपोर्ट म्हणतात.’ ‘पासपोर्ट’ हा शब्द एकदा द्यावाच लागेल, कारण संगणकाच्या पडद्यावर कामगाराला तोच दिसणार आहे. ‘पारपत्र’ मी काढून टाकले आहे. पुनर्निर्मितीसाठी कारखान्यात बोलला जाणारा एखादा शब्द कोणाला माहीत असल्यास कृपया सुचवावा. ‘रिकंडिशन’ चालला असता, पण त्यात ९० टक्क्यांची अट कुठेच सूचित होत नाही.