शब्दचर्चा : ‘गस्ट’, ‘गेल’ आणि हवामानाच्या अंदाजातील वारा

प्रश्न : माझी कन्या इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यात, पेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या डफ्टन या खेड्यात राहते. तेथील अंदाजात ‘ईशान्य, वारा २०, गस्ट ४०’ अशी नोंद दिसते. दोन्ही आकडे वाऱ्याचेच असताना दुप्पट फरक कसा, आणि ‘गस्ट’ला सोसाट्याचा वारा म्हणावे की झोत?

उत्तर १ : आकडे ताशी मैलांत आहेत. पहिला आकडा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा दहा मिनिटांच्या सरासरीने काढलेला वेग, तर दुसरा जेमतेम तीन सेकंद टिकणाऱ्या उसळीचा वेग असतो. छपराची कौले उडतात ती बहुधा या दुसऱ्यामुळे. ‘सोसाट्याचा’ हे विशेषण एकूण वाऱ्याचा स्वभाव सांगते आणि आपली वृत्तपत्रे ते त्याच अर्थाने वापरतात, म्हणून एका क्षणिक उसळीसाठी मला ‘झोत’ अधिक नेमका वाटतो. ‘झुळूक’ही क्षणिकच, पण ती सुखद असते. तेव्हा ही नोंद ‘ईशान्येकडून ताशी सरासरी ३२ किलोमीटर वेगाचा वारा, झोत ६४ किलोमीटरपर्यंत’ अशी वाचावी. ‘ईशान्येकडचा’ असे मोघम लिहू नये. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव मिळते, आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांप्रमाणेच.

उत्तर २ : डफ्टनच्या बाबतीत ‘ईशान्य’ हा शब्द आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा आहे. ८९३ मीटर उंचीच्या क्रॉस फेल या डोंगरावरून ईडन खोऱ्यात उतरणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्याला तेथे ‘हेल्म विंड’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये स्वतःचे नाव असलेला हा एकमेव स्थानिक वारा मानला जातो. हेल्म म्हणजे शिरस्त्राण. वारा सुटला की डोंगरमाथ्यावर ढगाची टोपी बसते, त्यावरून हे नाव पडले. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी वेग घेते आणि थोडे पुढे उसळून तेथेच लाट धरून राहते, तशीच ही थंड, जड हवा उतारावर वेग घेते आणि खोऱ्यावर पुन्हा उचलली जाते. त्या उचललेल्या हवेत डोंगराला समांतर असा ढगाचा एक स्थिर पट्टा तयार होतो. त्याला ‘हेल्म बार’ म्हणतात. त्याच्याखाली वारा अचानक पडतो, कधी उलटाही वाहतो. म्हणजे पायथ्याच्या गावात उभे राहवत नसताना काही मैलांवर पान हलत नाही. हवामानतज्ज्ञ गॉर्डन मॅन्ली यांनी १९३० च्या दशकात शेजारच्या ग्रेट डन फेलवर झोपडी उभारून या वाऱ्याचा अभ्यास केला होता.

प्रश्नकर्ता : मग गावाच्या नावाने दिलेला अंदाज कितपत गावाचा मानावा?

उत्तर २ : तो गावात मोजलेला नसतो. ब्रिटिश हवामान खात्याचे तपशीलवार संगणकीय प्रारूप (मॉडेल) देशाचे साधारण दीड किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करते, त्यामुळे मोठा डोंगर त्याला दिसतो, पण घरामागची दगडी भिंत किंवा गल्लीचे वळण दिसत नाही. आपल्या कन्येने ईशान्येची नोंद असताना क्रॉस फेलवरची टोपी पाहावी, विशेषतः हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात. टोपी दिसली तर झोताचा आकडा गंभीरपणे घ्यावा. नैर्ऋत्येचा वारा असताना तेच आकडे त्या गावात निराळ्या रीतीने जाणवतात.

उत्तर ३ : थोडे विषयाला धरूनच विचारतो, ‘गेल’चे भाषांतर सर्रास ‘वादळ’ असे होते, ते योग्य आहे का? वाऱ्याचा जोर पायऱ्यांनी सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात ‘गेल’ ही आठवी पायरी, सरासरी ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. ‘स्टॉर्म’ ही दहावी, ८९ किलोमीटरपासून पुढे.

उत्तर १ : योग्य नाही. आठव्या पायरीलाच ‘वादळ’ खर्ची घातले, तर दहावीसाठी शब्द उरत नाही. ‘गेल’ला ‘वादळी वारा’ आणि ‘स्टॉर्म’ला ‘वादळ’ ही विभागणी मी तरी पाळतो.